उड्डाणांमधले दिवस

नोव्हेंबरात सह्याद्रीवर गारवा उतरू लागतो, त्याच सुमारास अमूर ससाणे दख्खनवरून पश्चिमेकडे निघालेले असतात. बहुतेक इतक्या उंचावरून जातात की खाली कुणाला पत्ताही लागत नाही. काही थवे मात्र लोणावळ्याच्या आसपासच्या पठारांवर किंवा कोकणातल्या एखाद्या सड्यावर उतरतात, किडे टिपतात, विजेच्या तारांवर बसून पिसं साफ करतात आणि निघून जातात. पक्षिनिरीक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो पडतो, दुसऱ्या दिवशी पहाटे लोक गाड्या काढून पोचतात, तोवर तारा रिकाम्या झालेल्या असतात. हाच पक्षी त्याआधी नागालँडच्या डोंगरांत दिवसच्या दिवस तळ ठोकून असतो. वाट एकच, पण एके ठिकाणी लांबलचक मुक्काम आणि दुसरीकडे जेमतेम एक रात्र. हे ठरतं कशावरून?

स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उडणारा पक्षी येतो. प्रत्यक्षात प्रवासाचा बराचसा काळ पक्षी जमिनीवर, झाडाझुडपांत नाहीतर चिखलात असतो. थॉमस अलेरस्टाम आणि आंदेर्स हेडेनस्ट्रॉम या स्वीडिश शास्त्रज्ञांनी लहान पक्ष्यांसाठी मांडलेल्या गणितात उडण्यात एक दिवस गेला, तर पुढच्या उड्डाणाची तयारी करण्यात साधारण सात दिवस जातात. अमेरिकेतल्या थ्रश पक्ष्यांवर ट्रान्समीटर बसवून, रात्रभर गाडीने त्यांचा पाठलाग करून केलेला एक अभ्यास २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. संपूर्ण प्रवासात उडण्यावर जेवढी ऊर्जा खर्च होते, त्याच्या सुमारे दुप्पट ऊर्जा थांब्यांवर खर्च होते, असं त्यात दिसलं. थांबणंही फुकट नसतं. थंडीत अंग गरम ठेवायचं, अनोळखी जागी खाणं शोधायचं, शिकाऱ्यावर नजर ठेवायची. प्रत्येक जादा दिवसाची किंमत मोजावी लागते.

अमूर ससाण्याचं वजन असतं दीडशे ग्रॅमच्या आसपास. सायबेरियाचा आग्नेय भाग, मंगोलिया आणि उत्तर चीनमध्ये तो पिलं वाढवतो आणि हिवाळा काढतो आफ्रिकेच्या दक्षिण भागात. जाऊन-येऊन वीस हजार किलोमीटरहून जास्त प्रवास. यातला सगळ्यात अवघड टप्पा आपल्या देशातून सुरू होतो. ईशान्येतले डोंगर सोडले की भारतीय द्वीपकल्प आणि मग अरबी समुद्र, थेट सोमालियापर्यंत. उपग्रह ट्रान्समीटर लावलेल्या ससाण्यांनी हे पाच हजार किलोमीटरहून जास्त अंतर पाच-सहा दिवसांत, रात्रंदिवस उडत कापल्याची नोंद आहे. समुद्रावर बसायला जागा नाही. म्हणून नागालँड, मणिपूर, आसाम, मेघालयातले हे दिवस म्हणजे पोटभर खाण्याची शेवटची खात्रीची संधी.

ती संधी ज्या जागी सर्वांत मोठी झाली ती जागा माणसानं तयार केलेली आहे. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर जलविद्युत प्रकल्प झाला, २००० साली तो सुरू झाला आणि डोंगरांच्या कुशीत मोठा जलाशय पसरला. पांगती गाव त्याच्या काठच्या डोंगरावर आहे. पावसाळा सरता सरता इथल्या जमिनीतून पंख फुटलेल्या वाळवीचे लोटच्या लोट बाहेर पडतात. या वाळवीचं अंग चरबीनं ठासून भरलेलं असतं आणि ती हवेतच सापडते, पाठलाग करून दमावं लागत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून ससाणे येऊ लागतात. दिवसभर परिसरात विखरून खातात आणि संध्याकाळी जलाशयाकाठच्या झाडांवर उतरतात. एकेका फांदीवर इतके की डहाळ्या वाकतात. भरपूर खाणं आणि रात्री बसायला निवांत जागा या दोन गोष्टी शेजारी-शेजारी मिळाल्या की मुक्काम लांबतो.

२०१२ च्या ऑक्टोबरात बानो हरालू, रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी आणि रोकोहेबी कुओत्सु हे निसर्गसंवर्धक तिथे पोचले, तेव्हा झाडाझाडांमध्ये मासेमारीची नायलॉनची जाळी टांगलेली होती. धरण झाल्यावर मासेमारी आली, मासेमारीबरोबर जाळी आली आणि तीच जाळी ससाण्यांसाठी वर चढली. अडकलेले पक्षी मच्छरदाणीत जिवंत कोंडायचे, मग मारून, पिसं काढून, धुरावर भाजून विकायचे. त्या हंगामात १ लाख २० हजार ते १ लाख ४० हजार ससाणे मारले गेले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी घेतलेल्या चित्रफिती जगभर गेल्या. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, पांगती आणि आसपासच्या गावांनी शिकारीवर बंदी घातली आणि त्या हंगामात एकही ससाणा मारला गेला नाही. ग्रामपरिषदा, चर्च, वनखातं आणि स्वयंसेवी संस्था सगळे एकत्र आले तेव्हा हे घडलं. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांना ट्रान्समीटर लावले गेले. त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती.

या घटनेबद्दल मराठीतही पुष्कळ लिहून आलं आहे आणि ते बहुतेक वेळा क्रौर्यापासून पश्चात्तापापर्यंतच्या गोष्टीसारखं येतं. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. उडत चाललेल्या ससाण्याला जाळ्यात पकडणं जवळपास अशक्य. तो सापडला, कारण त्याला तिथं थांबावंच लागत होतं. खाणं सोडून पुढे निघाला असता तर समुद्रात पडला असता. मुक्कामाच्या जागी पक्ष्याला पळून जायची मोकळीक नसते. त्यामुळे थांब्यावर होणारं नुकसान, मग ते जाळ्यानं होवो की भराव टाकून, वाटेवर इतरत्र कुठेही होणाऱ्या नुकसानीपेक्षा खोलवर जातं.

पण ‘पुरेसं खाल्लं’ हे पक्ष्याला कळतं कसं? अभ्यासासाठी पक्ष्यांच्या पायात कडी घालणाऱ्या माणसांच्या हातात ते दिसतं. जाळ्यातून हलकेच सोडवलेला पक्षी ते उताणा धरतात, त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात अलगद ठेवतात आणि छातीवर फुंकर मारतात. पिसं दुभागतात. खालची कातडी इतकी पातळ असते की आतलं सगळं दिसतं. गळ्याखाली दोन हाडं जुळतात तिथे एक खाच असते. उपाशी पक्ष्याची ती खाच खोल आणि रिकामी असते, दोन्ही बाजूंना उड्डाणाच्या स्नायूंचा गडद लाल रंग. खाल्लेल्या पक्ष्याच्या खाचेत फिकट पिवळी चरबी साचलेली असते आणि निघायच्या बेतात असलेल्या पक्ष्यात ती खाच भरून वर फुगलेली, पोटावरही पिवळा थर चढलेला. शून्यापासून आठपर्यंत आकडे देऊन ही चरबी नोंदवली जाते. पक्षी सोडायला मिनिटभरसुद्धा लागत नाही, पण तेवढ्यात तो आज रात्री निघेल की अजून राहील, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

चरबीच का, तर एका ग्रॅमला सुमारे ३९ किलोज्यूल ऊर्जा तिच्यात असते, प्रथिनांच्या किंवा पिष्टाच्या दुपटीहून जास्त, आणि ती साठवायला पाणी लागत नाही. अलास्कातून निघणाऱ्या बार-टेल्ड गॉडविटच्या वजनात निम्म्याहून अधिक, सुमारे ५५ टक्के, चरबी असल्याचं आढळलं आहे. २०२२ मध्ये याच जातीचं पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडालं, वाटेत एकदाही न उतरता. एवढी चरबी पोटात मावावी म्हणून निघण्याआधी त्यांचं आतडं, जठर, यकृत आक्रसतं. उडताना पचनाचं काम नसतं, मग ते वजन कशाला वाहायचं?

आणि इथेच मुक्कामाचं एक महत्त्वाचं कारण लपलेलं आहे. लांबच्या उड्डाणानंतर उतरलेल्या पक्ष्याचं आतडं आक्रसलेलं असतं. समोर कितीही खाणं असलं तरी ते लगेच पचवता येत नाही. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात ब्लॅककॅप या लहानशा वटवट्यावर विल्यम कॅरासोव्ह आणि बेरी पिन्शॉव यांनी केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. उपास घडलेल्या पक्ष्यांना भरपूर खाऊ घातलं तरी सुरुवातीचा एक-दोन दिवस वजन धिम्या गतीनं वाढलं. आधी यंत्रणा पुन्हा बांधायची, मग चरबी साठवायची. म्हणजे पहिले दिवस जवळपास डागडुजीत जातात आणि खरी भर पडते ती नंतर. ज्याला तिसऱ्या दिवशी हुसकावून लावलं, त्याचा खर्च झालेला असतो आणि कमाई अजून सुरू व्हायची असते. पुढच्या थांब्यावर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मुक्काम अर्ध्यावर तोडण्याचं हे नुकसान बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

इटलीच्या पश्चिमेला पोंझा नावाचं छोटंसं बेट आहे. वसंतात सहारा आणि भूमध्य समुद्र ओलांडून थकलेले लाखो छोटे पक्षी तिथे येतात. बेटावर खायला फारसं काही नाही, त्यामुळे बहुतेक पक्षी एका दिवसाच्या आत निघतात. पण सगळे नाही. वोल्फगांग गॉयमान, लिओनिदा फुसानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे गार्डन वॉर्बलर पकडून एक रात्र पिंजऱ्यात ठेवले. चरबी असलेले पक्षी रात्री फडफडत राहिले, उड्या मारत राहिले. हाडकुळे शांत बसले. २०१७ मध्ये याच गटानं दाखवलं की या निर्णयामागे घ्रेलिन नावाचं संप्रेरक आहे. ते टोचल्यावर पक्ष्यांचं खाणं कमी झालं आणि रात्रीची चुळबुळ वाढली. माणसात घ्रेलिन भूक वाढवतं, इथे उलट. शरीरातला साठा किती आहे, हा निरोप मेंदूला रक्तातून पोचतो आणि पक्षी पंख पसरतो.

पोंझावरचंच आणखी एक निरीक्षण मला विलक्षण वाटतं. हाडकुळे पक्षी डोकं पाठीवरच्या पिसांत खुपसून झोपतात. त्यानं ऊब टिकते, ऊर्जा वाचते, पण जवळ काही आलं तर जाग यायला उशीर लागतो. धष्टपुष्ट पक्षी डोकं समोर ठेवून, सावध झोपतात. गरिबाला झोपही जोखमीची घ्यावी लागते, हे पक्ष्यांच्या बाबतीत मोजून सिद्ध झालं आहे.

साठा भरला म्हणजे लगेच निघायचं असंही नाही. पंढरीच्या वारीत पालखीचे मुक्काम आधी छापलेले असतात, पाऊस असो की ऊन, पालखी ठरल्या दिवशी हलते. पक्ष्याला तसं करून चालत नाही. वारा पाठीवर असेल, पाऊस नसेल, आकाश मोकळं असेल अशी रात्र तो शोधतो. विरुद्ध वाऱ्यात तेच अंतर कापायला दुपटीनं चरबी जाळावी लागू शकते. अमूर ससाणे अरबी समुद्र ओलांडतात तो काळ ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यांचा आहे, हा योगायोग नाही. त्याच वाऱ्यावर, त्याच दिवसांत ‘ग्लोब स्किमर’ या जातीचे चतुरही भारताकडून मालदीवमार्गे आफ्रिकेकडे जातात, असं चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. समुद्रावर ससाणे याच चतुरांवर काही प्रमाणात गुजराण करत असावेत, असाही तर्क आहे.

ऋतूचाही हात असतो. वसंतात पिलं वाढवायच्या जागी आधी पोचेल त्याला चांगलं ठिकाण मिळतं, म्हणून घाई. शरदात तेवढी नसते. आपल्याकडे कच्छमध्ये ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत युरोपियन नीलपंख दिसतो. तो आफ्रिकेकडे निघालेला असतो आणि पावसाळ्यानंतर माजलेल्या किड्यांवर पोट भरायला थोडे दिवस उतरतो. परतताना वसंतात तो तिथे फारसा सापडत नाही.

भीतीमुळे मुक्काम किती बदलतो, याचं उत्तम उदाहरण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सिडनी बेटावर आहे. डीडीटीमुळे बहिरी ससाण्यांची अंडी पातळ कवचाची होऊन फुटत होती आणि त्यांची संख्या रोडावली होती. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि बहिरी ससाणे हळूहळू परतले. त्यानंतर त्या बेटावर थांबणारे वेस्टर्न सँडपायपर हे चिमुकले तुतवार वर्षागणिक कमी दिवस राहू लागले आणि कमी चरबी घेऊन निघू लागले. जाड पक्ष्याला झटकन वळता येत नाही, त्यामुळे बहिरी ससाण्याच्या राज्यात हलकं राहणं आणि लवकर निघणं शहाणपणाचं. रॉन यिडेनबर्ग यांच्या गटानं २००४ मध्ये हे मांडलं, तेव्हा एक मोठी शंका पुढे आली. किनाऱ्यावर एका दिवशी दिसणारी संख्या म्हणजे रोज नव्यानं येणारे पक्षी गुणिले त्यांच्या मुक्कामाचे दिवस. दहा हजार पक्षी आठ दिवस थांबले आणि तेवढेच पक्षी तीन दिवस थांबले, तर मोजणीत मोठी घट दिसेल, जरी पक्षी एकही कमी झालेला नसेल. उलटही होऊ शकतं: पुढची जागा नष्ट झाली म्हणून पक्षी आपल्याकडे अडकून पडले, तर आपल्याला ‘यंदा पक्षी वाढले’ असं वाटेल. वर्तमानपत्रात दरवर्षी येणारे संख्येचे मथळे वाचताना ही गोष्ट मनात ठेवली पाहिजे.

मुक्काम लांबला म्हणजे जागा चांगली, असंही समजू नये. कॅनडातल्या ऑन्टारियोत व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो या पक्ष्यांना इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची अगदी छोटी मात्रा देण्यात आली, बियाण्याला चोळलेल्या औषधाचे काही दाणे खाल्ले तर जाईल एवढीच. २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष आले: जास्त मात्रा घेतलेल्या पक्ष्यांचं वजन सहा तासांत सहा टक्क्यांनी घटलं, खाणं मंदावलं आणि सोडल्यानंतर ते इतरांपेक्षा साडेतीन दिवस जास्त थांबले. हे पक्षी आजारी होते, म्हणून राहिले. इमिडाक्लोप्रिड हे नाव आपल्या कापूस उत्पादकाला नवं नाही. मावा-तुडतुड्यांसाठी फवारणीत आणि बियाण्याच्या प्रक्रियेत ते वर्षानुवर्षं वापरलं जातं. पेरलेल्या शेतात उतरणाऱ्या आपल्याकडच्या पाहुण्यांचे दिवस त्यानं किती लांबतात, हे इथल्या शेतांत तपासायला हवं आणि ते तातडीनं तपासायला हवं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेलावेअर उपसागराचा इतिहास हिशेब बिघडला की काय होतं ते दाखवतो. दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून आर्क्टिककडे निघालेला रेड नॉट मे महिन्यात तिथे उतरतो आणि वाळूत घातलेली हॉर्सशू खेकड्यांची अंडी खातो. जूनच्या सुरुवातीला निघताना त्याचं वजन १८० ग्रॅमच्या आसपास व्हायला हवं. पुढे आर्क्टिकमध्ये पोचताच बर्फ असतो, खायला काही नसतं, त्यामुळे हीच चरबी घरटं बांधायला पुरवायची असते. १९९० च्या दशकात मासेमारीच्या आमिषासाठी खेकडे प्रचंड प्रमाणात पकडले गेले, अंडी घटली आणि बऱ्याच पक्ष्यांना तेवढ्या दिवसांत वजन गाठता येईना. जास्त थांबायची सोय नव्हती, आर्क्टिकचा उन्हाळा वाट पाहत नाही. प्रौढ पक्ष्यांचं वर्षभर जगण्याचं प्रमाण ८५ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर आल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. न्यू जर्सीनं २००८ मध्ये खेकडे पकडण्यावर बंदी घातली. पिवळ्या समुद्राची कथा याहून मोठी आहे. पन्नास वर्षांत तिथली दोन तृतीयांशांच्या जवळपास चिखलपठारं भराव टाकून नाहीशी झाली. दक्षिण कोरियातल्या सेमांगुमची ३३ किलोमीटरची भिंत २००६ मध्ये पुरी झाली आणि तिथे थांबणारे ग्रेट नॉट दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर तेवढ्या संख्येनं दिसलेच नाहीत.

आपल्या दाराशी ठाण्याची खाडी आहे. तिथले बहुतेक पाहुणे हिवाळाभर राहतात, तरी मार्च-एप्रिलपासून उत्तरेकडे निघायची हीच तयारी त्यांच्यातही सुरू होते. छोट्या टिलव्यांचा करडेपणा जाऊन तांबूस छटा चढते, कर्ल्यू सँडपायपर विटकरी लाल होतात आणि वजन भराभर वाढतं. त्यांचं घड्याळ भरती-ओहोटीचं. ओहोटीला चिखल उघडा पडला की दिवस असो की रात्र, खायचं. भरती आली की कोरड्या, मोकळ्या जागी बसून पचवायचं. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळ झाली, नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतरचं महाराष्ट्रातलं तिसरं. पण भरतीच्या वेळी पक्षी जिथे बसतात, ती नवी मुंबई-उरण पट्ट्यातली कितीतरी पाणथळं संरक्षणाच्या रेषेबाहेर आहेत. जेवायची जागा राखली आणि बसायची जागा बुजवली, तर पक्षी भरतीचे तास हवेत घिरट्या घालत काढतो. ओहोटीत मिळवलेली चरबी भरतीत जळून जाते. नकाशावर खाडीचं क्षेत्र तेवढंच राहतं. पक्ष्याला तयारीसाठी लागणारे दिवस मात्र वाढतात आणि ते त्याच्याकडे नसतात.

हे दिवस मोजायचे असतील तर तोच एक पक्षी पुन्हा दिसला पाहिजे, दुसरा उपाय नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्ष्यांच्या पायात कडी घालते ती यासाठीच. परदेशांत घातलेले रंगीत झेंडेही आपल्या किनाऱ्यांवर दिसतात. कुणाला असा पक्षी दिसला तर कडं किंवा झेंडा कोणत्या पायात आहे, गुडघ्याच्या वर की खाली, रंगांचा क्रम काय, अक्षरं काय, एवढं टिपून घ्यावं. फोटो धूसर आला तरी चालतो. तारीख, वेळ आणि नेमकी जागा लिहून सोसायटीकडे कळवावं. आणि एक काम फार कमी लोक करतात, ते अवश्य करावं: दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा जावं आणि तो पक्षी दिसला नाही तर ‘दिसला नाही’ हेही तारखेसह कळवावं.